जुन्या मराठी फायली आजच्या संगणकावर: कृतिदेव, श्री-लिपीपासून युनिकोडपर्यंत

संस्थेचा पंचवीस वर्षांपूर्वीचा अहवाल, दिवाळी अंकाचा मजकूर, आजोबांनी टायपिस्टकडून टाइप करून घेतलेलं आत्मवृत्त, बंद पडलेल्या साप्ताहिकातले लेख. अशी एखादी फाइल आज उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि अवतरणचिन्हं यांचा खच दिसतो. फाइल बिघडली असं समजून अनेक जण ती पुसून टाकतात. कृपा करून पुसू नका. बहुतेक वेळा तिच्यातलं एकही अक्षर हरवलेलं नसतं. ती ज्या फॉन्टमध्ये टाइप झाली तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही, एवढंच झालेलं असतं.

अशी फाइल आजच्या विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि मोबाइलवर सारखीच वाचता यावी, शोधता यावी आणि पुन्हा छापता यावी, यासाठी काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. कॉपी-पेस्ट येत असेल आणि शांतपणे तपासायची तयारी असेल तर हे काम कुणालाही जमतं.

फाइलमध्ये खरं काय साठवलेलं असतं

हा भाग वगळू नका. तो समजला की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला जगभर एकच क्रमांक आहे. म्हणून फॉन्ट कोणताही असो, म तो म-च राहतो. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली, आणि छापखान्यांत ती रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर मराठी टायपिंग थांबून राहणं शक्य नव्हतं. त्यामुळे फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवले.

कृतिदेव ०१० मध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात छोटा ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. कृतिदेव असेल तर त्यांच्या जागी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी दिसते. फॉन्ट काढून घेतला की ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्री-लिपी, सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम, आकृती, शिवाजी, किरण या सगळ्यांची पद्धत हीच, पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा. कृतिदेवमध्ये एका कळीवर जो आकार आहे तो श्री-लिपीत तिथे असेलच असं नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: मजकूर निवडून त्याला मंगल किंवा मुक्ता यांसारखा युनिकोड फॉन्ट देणं म्हणजे रूपांतर नव्हे. आतले क्रमांक इंग्रजीचेच राहतात. शिवाय त्यात मोठं नुकसान होतं. कोणता भाग कृतिदेवमध्ये होता आणि कोणता खरोखरच इंग्रजीत होता, हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे फॉन्टचं नाव. तीच पुसली जाते आणि मग मराठी-इंग्रजी वेगळं करायला कोणतीही सोपी वाट उरत नाही.

पायरी पहिली: मूळ फायलींची प्रत

जुन्या सीडी, पेनड्राइव्ह, बंद पडत आलेली हार्डडिस्क, जे असेल त्यातलं सगळं आधी चालू संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. सीडी वाचताना अडखळत असेल तर दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न जमलेली सीडी दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. या फोल्डरला ‘मूळ’ असं नाव द्या आणि त्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. यापुढचं सगळं काम तिसऱ्या प्रतीवर.

फोल्डरमध्ये फॉन्टच्या फायलीही असतील तर त्या टाकू नका. जुन्या मजकुराइतकाच जुना फॉन्ट मोलाचा आहे. तो बसवला की मूळ पान जसं होतं तसं दिसतं, आणि पुढे तपासणीला तेच लागणार आहे.

पायरी दुसरी: फॉन्ट ओळखणं

वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडा, अगम्य दिसणाऱ्या मजकुरात कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव वाचा. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. कृतिदेव, शिवाजी, किरण ही नावं सरळ कळतात. श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये ‘श्री-देव’ आणि पुढे चार आकडी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ०७०८. सीडॅकच्या फॉन्टचं नाव डीव्ही किंवा डीव्हीबी या अक्षरांनी सुरू होतं आणि पुढे टीटी सुरेख, टीटी योगेश अशी नावं येतात. डीव्हीबीमधला बी द्विभाषिक फॉन्टचा आहे, म्हणजे त्यात इंग्रजी आणि देवनागरी एकाच फॉन्टमध्ये असतात. डीव्ही आणि डीव्हीबी यांचे तक्ते वेगळे आहेत, म्हणून पूर्ण नाव जसंच्या तसं एका कागदावर उतरवून ठेवा.

मजकूर मराठीतच दिसतोय, पण तो युनिकोड आहे का अशी शंका असेल, तर दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट. एवढी एक चाचणी पुरेशी आहे.

पायरी तिसरी: फाइल उघडतच नसेल तर

जुन्या डॉक फायलींपैकी अगदी आरंभीच्या, म्हणजे वर्ड ९५ आणि त्याआधीच्या, नवा वर्ड सुरक्षेच्या कारणाने अडवू शकतो. अशा वेळी लिब्रेऑफिस घ्या. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या फायलींच्या बाबतीत फार उदार आहे. एकाच फोल्डरमध्ये डॉक फायलींचा ढीग असेल तर लिब्रेऑफिसच्या फाइल मेनूत विझार्ड्समध्ये डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे. तो अख्ख्या फोल्डरचं रूपांतर एका फेरीत करतो. मात्र हे रूपांतर फाइलच्या प्रकाराचं. आतला मजकूर कृतिदेव असेल तर तो कृतिदेवच राहतो.

मराठी छपाईत पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरचा वापर प्रचंड होता, त्यामुळे छापखान्याकडून मिळालेल्या सीडीत पेजमेकरच्या फायली निघण्याची शक्यता मोठी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, २००१ मधली. तिच्या आणि आवृत्ती ६ च्या फायली लिब्रेऑफिस ४.४ पासून पुढे उघडता येतात. मांडणी विस्कटते, पण फाइल लिब्रेऑफिसच्या ड्रॉ विभागात उघडते आणि मजकूर चौकटीचौकटींनी हाती लागतो. एखाद्या डीटीपीवाल्याकडे इनडिझाइन सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर जास्त चांगलं, कारण ती पेजमेकरची फाइल बऱ्यापैकी मांडणीसह उघडते. सीएस६ नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली आहे.

पायरी चौथी: इंग्रजी मजकूर बाजूला काढणं

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाला, म्हणजे कन्व्हर्टरला, मराठी आणि इंग्रजीतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळीच इंग्रजी अक्षरं. त्यामुळे मजकुरात इंग्रजी नाव, ईमेलचा पत्ता किंवा औषधाचं नाव असेल तर त्याचंही निरर्थक देवनागरीत रूपांतर होतं.

वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबून शोधा-बदला ही चौकट उघडा. ‘मोअर’ दाबा, शोधायच्या रकान्यात काही लिहू नका, पण खाली ‘फॉरमॅट’मधून ‘फॉन्ट’ निवडून इंग्रजी भागाचा फॉन्ट सांगा, समजा टाइम्स न्यू रोमन. बदलायच्या रकान्यात युनिकोडमध्ये ‘खखख’ लिहा. मराठीत कुठेच न येणारी आणि काना-मात्रा नसलेली अशी ही खूण आहे. कन्व्हर्टर इंग्रजी क्रमांकांच्याच मागे असतो, त्यामुळे युनिकोड देवनागरीला तो सहसा हात लावत नाही आणि खूण जशीच्या तशी पलीकडे जाते. नंतर मूळ फाइलकडे पाहून तिथे इंग्रजी शब्द भरायचे. एकदम सगळे बदलू नका, एकेक पाहत पुढे जा. मराठी शब्दांमधल्या रिकाम्या जागाही कधीकधी टाइम्स न्यू रोमनमध्ये असतात आणि तिथेही ही खूण उमटते.

याच वेळी वर्डमधली आपोआप दुरुस्ती बंद करा. कृतिदेवमध्ये श हा सरळ अवतरणचिन्ह आणि के मिळून बनतो, आणि ण हा टिंब आणि के मिळून. वर्डने सरळ अवतरणचिन्ह स्वतःहून वाकडं केलं की श गेला. परिच्छेदाच्या सुरुवातीचं अक्षर इंग्रजी वाक्याचं पहिलं अक्षर समजून मोठं केलं की आणखी एक अक्षर गेलं. जुन्या फायलींतल्या किती तरी चुका टायपिस्टच्या नसून या दुरुस्तीच्या आहेत.

पायरी पाचवी: रूपांतर

श्री-लिपी आणि आयएसएम यांच्या नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची सोय आहे. जवळच्या एखाद्या डीटीपी केंद्राकडे त्या असतील तर पहिली चौकशी तिथे करा. स्वतःच्या फॉन्टचा तक्ता त्यांच्याइतका चांगला दुसऱ्या कुणाला माहीत नसतो. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबीटीटी यांच्यासाठी इंटरनेटवर मोफत कन्व्हर्टर आहेत. एका चौकटीत जुना मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीतून युनिकोड उचलायचा.

तीन गोष्टी पाळा. एक, आधी एकच पान करून पाहा. फॉन्टचं नाव चुकीचं निवडलं असेल तर पहिल्या दोन ओळींतच कळतं. दोन, मोठी फाइल प्रकरणाप्रकरणाने करा. पाचशे पानं असतील आणि सगळं एकदम चिकटवलं, तर मधेच तुटलेला भाग लक्षात येत नाही. तीन, फाइलमध्ये लोकांची खासगी माहिती असेल, म्हणजे सभासदांच्या याद्या, रुग्णांच्या नोंदी, कोर्टाचे कागद, तर ती कुठल्याही संकेतस्थळावर चिकटवण्याआधी एक परीक्षा घ्या. कन्व्हर्टरचं पान उघडा, इंटरनेट बंद करा, आणि एखादं साधं वाक्य बदलून पाहा. बदललं, तर रूपांतरासाठी मजकूर बाहेर पाठवावा लागत नाही. मग इंटरनेट बंद ठेवूनच काम उरका आणि पान बंद केल्यावरच ते चालू करा. बदललं नाही, तर तो मजकूर तिथे देऊ नका.

या पद्धतीत ठळक-तिरपं, रंग, मधली शीर्षकं हे सगळं जातं, कारण चौकटीत फक्त साधा मजकूर जातो. तळटीपा, पानाच्या वरच्या-खालच्या पट्ट्या आणि वेगळ्या चौकटींतला मजकूर तर सगळं निवडून कॉपी केलं तरी सुटू शकतो. ते स्वतंत्रपणे उचला. तक्ते मात्र बऱ्याचदा नीट येतात. कॉपी करताना रकान्यांच्या मधे टॅब येतात, कन्व्हर्टर त्यांना शिवत नाही, आणि निकाल एक्सेलमध्ये चिकटवला की रकाने पुन्हा जागच्या जागी बसतात.

पायरी सहावी: तपासणी, आणि इथे घाई नको

या कामातला सर्वांत मोठा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. कन्व्हर्टर ठरावीक ठिकाणी चुकतात. त्या जागा माहीत असल्या की शोधायला सोपं पडतं.

पहिली जागा म्हणजे पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते, आणि जोडाक्षर आलं की साधे कन्व्हर्टर ती अर्ध्यावरच सोडतात. ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं, ‘व्यक्तिगत’चं ‘व्यकि्तगत’. शोधताना पहिली वेलांटी आणि तिच्या पाठोपाठ हलन्त अशी जोडी शोधा. शुद्ध मराठीत ही जोडी कधीच येत नाही, म्हणजे जिथे सापडेल तिथे चूकच.

दुसरी जागा रफार. हा उलट्या दिशेने जातो. जुन्या फॉन्टमध्ये ‘कर्म’ म्हणजे क, म आणि मग रफार. युनिकोडमध्ये रफार म-च्या आधी येतो. ‘धर्म’, ‘वर्ष’ सहसा बरोबर येतात. खरी कसोटी ‘आर्थिक’, ‘निर्मिती’, ‘मूर्ती’, ‘सर्वांनी’ अशा शब्दांत, जिथे रफाराबरोबर वेलांटी किंवा अनुस्वार आहे. कन्व्हर्टर चांगला आहे की नाही हे ठरवायला मी ‘आर्थिक स्थिती’ हे दोनच शब्द वापरतो.

तिसरी जागा खास मराठीची. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला अर्धा र. पुष्कळ कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत आणि हिंदीत हा र नाही. त्यामुळे ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेलं आमंत्रण ‘आचार्यांना’ पोहोचतं. शब्दतपासणीला हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी लागते. त्याला दुसरा उपाय नाही.

याच अक्षराची आणखी एक अडचण. ते युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एक, नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, आणि दोन, साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. फाइलमध्ये एकच प्रकार राहील असं करा. मजकुरातला नको असलेला ‘ऱ्या’ तिथूनच कॉपी करून शोधायच्या रकान्यात चिकटवा, बदलायच्या रकान्यात आपल्याला हवा तो टाइप करा. माझा कल पहिल्या प्रकाराकडे आहे, कारण न दिसणारी चिन्हं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना गळून पडू शकतात.

तसंच ‘ॲ’चं. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या पद्धतीत ते अ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं जाई. जुनी कन्व्हर्टर अजून तसंच देतात. ‘ॲड.’ आणि ‘ॲल्युमिनियम’ शोधून एकसारखे करून घ्या.

उरलेल्या चुका डोळ्यांना लवकर दिसतात. ‘ओ’च्या जागी आ आणि वर सुटी मात्रा, अनुस्वार आधी आणि उकार नंतर, असं काही झालं की नवे फॉन्ट तिथे टिंबांचं गोल कडं दाखवतात. असं कडं दिसलं की समजावं, मात्रेला तिचं अक्षर मिळालेलं नाही. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्ससाठी मराठी शब्दतपासणीचे कोश मिळतात. एखाद्या परिच्छेदात लाल रेघांची दाटी झाली तर तो परिच्छेद मूळ फाइलशी ताडून पाहा. विशेषनामांखाली लाल रेघ येणारच, तिकडे दुर्लक्ष करा. आकडे मात्र एकूण एक तपासा, विशेषतः रकमा, सर्व्हे नंबर आणि तारखा.

पायरी सातवी: कशात साठवायचं

एक प्रत साध्या मजकुराची, म्हणजे टीएक्सटी, आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे क्रमांक साठवायची पद्धत, यूटीएफ-८. ही फाइल कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फोनवर उघडते. दुसरी प्रत डॉकएक्स किंवा ओडीटी, मांडणीसाठी. तिसरी पीडीएफ, पाहण्या-छापण्यासाठी. फक्त पीडीएफ ठेवून बाकीचं टाकून देऊ नका. पीडीएफमधून देवनागरी पुन्हा बाहेर काढताना बऱ्याचदा जोडाक्षरं तुटतात.

टीएक्सटी साठवताना विंडोजच्या जुन्या नोटपॅडशी सांभाळून. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपर्यंत नोटपॅड मुळात अँसी या प्रकारात साठवायचा. त्यात देवनागरी मावत नाही आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. ‘काही अक्षरं हरवतील’ अशी सूचना तेव्हा येते. ती आली की रद्द करा, ‘सेव्ह ॲज’मध्ये खाली एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडा. एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ अक्षरं परत आणणारा कुठलाही उपाय जगात नाही. मॅकवर टेक्स्टएडिट मुळात रिच टेक्स्ट उघडतो. आधी ‘फॉरमॅट’मधून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ करा, मग साठवा. लिनक्सवर काहीच करावं लागत नाही, तिथे यूटीएफ-८ हाच रिवाज आहे.

वर्डमध्ये एक गोष्ट नवख्यांना फार छळते: देवनागरीचा फॉन्ट किंवा आकार बदलतो, पण मजकूर जागचा हलत नाही. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्ही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतात आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळे साठवतात. फॉन्टची मोठी चौकट उघडून त्यातल्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात बदल करा. फॉन्ट निवडताना तो सगळीकडे मोफत मिळणारा घ्या, जसा नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. विंडोजचा मंगल मॅकवर मुळात नसतो, आणि मॅकचा कोहिनूर विंडोजवर. मजकूर वाचता येतोच, पण पानांची संख्या बदलते आणि अनुक्रमणिका चुकते.

याद्या आणि एक्सेल

सभासदांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, आहे आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं की एक्सेलमध्ये मराठीऐवजी विचित्र चिन्हं येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, मग चार काट्यांचं गोल चिन्ह, मधूनच जपानी येन. ही खूण ओळखून ठेवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं, ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटचा, आणि त्या प्रत्येक त्रिकुटाचे पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच. एक्सेल त्यांना तीन सुटी पाश्चात्त्य अक्षरं समजतो, म्हणून तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. मजकूर शाबूत आहे. काहीही साठवू नका, फाइल बंद करा. कोरी एक्सेल फाइल उघडा, ‘डेटा’मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही’ निवडा, फाइल दाखवा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडून मग ‘लोड’ करा. फोन नंबर आणि खाते क्रमांकाचे रकाने असतील तर ‘लोड’ऐवजी त्याच चौकटीतलं ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबून ते आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर आरंभीची शून्यं गळतात.

एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यादीत दोन पर्याय दिसतात. नुसता सीएसव्ही नको, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या. लिब्रेऑफिसमध्ये हा त्रास कमी, कारण तो उघडतानाच एन्कोडिंग विचारतो.

एका यंत्रावरून दुसऱ्यावर

पेनड्राइव्ह एक्सफॅट या प्रकारात तयार करून घ्या. विंडोज, मॅक आणि आजचं लिनक्स, तिन्हींवर त्यात वाचता-लिहिता येतं. एनटीएफएस ड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. प्रकार बदलताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी तो रिकामा करा. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या अनोळखी छोट्या फायली दिसतात. त्या मॅकच्या स्वतःच्या नोंदी आहेत, मजकुराशी संबंध नाही, पुसल्या तरी चालतात.

फाइलचं नाव मराठीत ठेवायला हरकत नाही, पण आखूड ठेवा. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचे तीन बाइट धरले तर जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. विंडोजवर सुखाने राहिलेलं अहवालाचं लांबलचक नाव लिनक्सवर कॉपी होताना अडतं. नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा टाळा, ते विंडोजला चालत नाहीत.

लिनक्स किंवा मॅकवरची साधी मजकूर फाइल जुन्या विंडोजवर एकाच अखंड ओळीत दिसली तर घाबरू नका. ओळ संपल्याची खूण विंडोज दोन चिन्हांनी करतं, बाकीचे एकाने. २०१८ नंतरच्या नोटपॅडला दोन्ही कळतात. जुन्या यंत्रावर तीच फाइल वर्डपॅडमध्ये उघडा.

मॅकच्या पेजेसमधली फाइल आली तर पाठवणाऱ्याला ‘एक्सपोर्ट’मधून वर्ड प्रकार पाठवायला सांगा. आयफोनचे हीक फोटो उघडत नसतील तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडा, पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील.

फक्त पीडीएफ किंवा छापील पान उरलं असेल तर

पीडीएफमध्ये मराठी छान दिसते, पण कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरं येतात, म्हणजे आत जुना फॉन्ट दडलेला आहे. पीडीएफ वाचकात फाइलच्या माहितीत ‘फॉन्ट्स’चा भाग पाहा, नाव मिळेल. मग तो कॉपी केलेला मजकूर पाचव्या पायरीप्रमाणे कन्व्हर्टरमधून काढून पाहा. अनेकदा हा मार्ग स्कॅन करून अक्षरं ओळखण्यापेक्षा अचूक ठरतो.

छापील पानच असेल तर त्याचा सपाट, सावली नसलेला, ३०० डीपीआयचा स्कॅन घ्या. तो गूगल ड्राइव्हवर चढवून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडला की चित्राखाली मराठी मजकूर मिळतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. इंटरनेटवर टाकायचं नसेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं. इथल्या चुका वेगळ्या असतात: ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, अनुस्वार गायब. दोन स्तंभांची पानं आधी मधोमध कापा, नाहीतर दोन्ही स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

सगळं झाल्यावर फोल्डरमध्ये आणखी एक छोटी टीएक्सटी फाइल ठेवा: मूळ फाइल कोणत्या फॉन्टमध्ये होती, कोणता कन्व्हर्टर वापरला, कोणती प्रकरणं मूळ प्रतीशी ताडून झाली आणि कोणती राहिली. तिच्या नावाची सुरुवात शून्याने करा, म्हणजे यादीत ती सर्वांत वर दिसेल आणि तुमच्यानंतर काम हाती घेणाऱ्याला पहिल्यांदा तीच सापडेल.